वाक्याचा कर्ता कोण?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी मिरजेतील एका संस्थेत समन्वयक म्हणून काम करते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या आणि दीर्घकालीन मानसिक आजारातून सावरणाऱ्या प्रौढ व्यक्तींसाठी आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर एक उपक्रम सुरू केला. मिरज आणि तासगाव तालुक्यांतील ३४ जण त्यात आहेत. बहुतेकांना संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते, काहींना ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून मदत होते. या सेवा घेताना आपले निर्णय त्यांनी स्वतः घ्यावेत, हा उपक्रमाचा हेतू आहे. आता निधी देणाऱ्या कंपनीने मार्चअखेर मूल्यमापन अहवाल मागितला असून सोबत २५ प्रश्नांचा समाधान-अर्ज पाठवला आहे. आम्ही तो भरून घेतला. जवळजवळ सर्वांनी 'पूर्ण समाधानी' या पर्यायावर खूण केली आहे. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. शिवाय तासगावकडील एक तिशीतली सदस्य गेल्या पावसाळ्यापासून यायची बंद झाली. ती आता बेदाणा निवडायला जाते, असे कळते. अहवालाच्या नमुन्यात तिची नोंद 'गळती' या रकान्यात करावी लागते. हे आमचे अपयश म्हणायचे की यश? आणि स्वनिर्णय मोजायचा तरी कसा?

एक समन्वयक, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्या पोटात आहे. त्या सदस्येचे जाणे हे यश की अपयश, हे तुम्हाला किंवा मला इथे बसून ठरवता येणार नाही. तिला स्वतः कमवावेसे वाटले, म्हणून ती शेडवर जाऊ लागली असेल, तर तुमच्या ३४ जणांत तिच्याइतका ठळक निर्णय कदाचित कोणीच घेतलेला नसेल. घरात एक रोजगार वाढावा म्हणून भावजयीने तिला लावून दिले असेल, तर मात्र एका खोलीतून उठवून दुसऱ्या खोलीत बसवल्यासारखे झाले. तिसरी शक्यता आपल्याला टोचणारी आहे. तुमच्याकडे तिचे मन रमत नसेल आणि ते सांगण्याची सोय तिला कोणी दिली नसेल, म्हणून ती गेली असेल. तेव्हा तासगावला जाऊन तिलाच भेटा. कामाचा विषय पहिल्यांदा कोणी काढला, रोजाचे पैसे कोणाच्या हातात पडतात, उद्या जायचे नाही असे तिने ठरवले तर घरात काय होईल, आणि उपक्रमात परत यायचे झाल्यास दार उघडे आहे हे तिला ठाऊक आहे का, हे चार प्रश्न शांतपणे विचारा. उत्तरे मिळेपर्यंत 'गळती' हा शब्द लिहू नका.

आता त्या समाधान-अर्जाबद्दल. समाधान आणि स्वनिर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्या एकमेकींच्या उलट दिशेने जातात. ज्याचे जेवण, कपडे, औषध, झोपेची वेळ सगळे घरच्यांनी मायेने ठरवलेले असते, तो समाधानी असू शकतो. उलट जो पहिल्यांदाच स्वतः तहसील कचेरीत जाऊन हयातीच्या दाखल्यासाठी दोन तास रांगेत उभा राहिला, तो त्या दिवशी वैतागलेला असणार. अर्ज पहिल्याला पूर्ण गुण देतो आणि दुसऱ्याला कमी. तुमचा उपक्रम खरोखर चांगला चालला असेल, तर समाधानाचा आकडा मधल्या काळात थोडा खाली यायला हरकत नाही, किंबहुना तो इतका सरळ वर राहिला याचीच मला शंका येते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एका संस्थेच्या कामाची पाहणी करायला मी गेले होते. फलटणच्या बाजूच्या एका घरात पंचविशीचा एक मुलगा आणि त्याची आई समोर बसली होती. 'तुला कोणते काम आवडते?' असे मी विचारले. आई म्हणाली, 'शिवणकाम आवडतंय त्याला, पिशव्या शिवतोय.' मुलाने मान हलवली. मी 'आवडीचे काम: होय' या चौकोनात खूण केली. मग चहा आला. त्याने तो बशीत ओतला, एक घोट घेतला आणि मला विचारले, 'तुम्ही कुठल्या गाडीनं आला?' मी वेळ सांगितली, तर त्याने त्या गाडीचा क्रमांक सांगितला, ती कुठल्या आगाराची आहे तेही सांगितले, आणि मागल्या आठवड्यात ती बंद पडली म्हणून दुसरी सोडली होती, हेही सांगितले. चार वर्षे तो पिशव्या शिवत होता. बसस्थानकावर त्याला काही काम मिळेल का, याचा विचार त्या चार वर्षांत कोणाच्या मनात आला नव्हता, आणि माझ्या अर्जातही त्यासाठी जागा नव्हती. मी ती खूण खोडली नाही, कारण अहवाल वेळेत द्यायचा होता. ती अजून मनात सलते.

तुमच्यासाठी पहिली चाचणी मी भाषेची सुचवते, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती कपाटातल्या कागदांवर आजच करता येते. तुमचे तीन वर्षांचे मासिक अहवाल काढा आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहा. 'लाभार्थ्यास बँकेत नेण्यात आले', 'खाते उघडून देण्यात आले', 'आवडीनुसार प्रशिक्षण देण्यात आले' अशी वाक्ये असतील, तर त्यांत ती व्यक्ती कोठेही कर्ता नाही, तिच्यावर क्रिया घडते आहे. 'तिने खाते उघडले', 'त्याने प्रशिक्षण नाकारले' अशी वाक्ये किती आहेत ते मोजा, आणि २०२२ च्या अहवालांपेक्षा गेल्या वर्षीच्या अहवालांत ती वाढली आहेत का, ते बघा. या विषयातील अभ्यासकही स्वनिर्णयाची व्याख्या करताना जवळपास हेच सांगतात: आपल्या आयुष्यात जे घडते ते घडवून आणणारी व्यक्ती आपण असणे. आपल्या शाळेतल्या व्याकरणात त्यासाठी 'कर्ता' हा नेमका शब्द आधीच आहे. भाषा बदलली म्हणजे आयुष्य बदलले असे अर्थातच नाही, चतुर समन्वयक एका रात्रीत सगळी वाक्ये कर्तरी करू शकतो. म्हणून पुढची चाचणी वस्तूंची.

'तुम्ही स्वतःचे निर्णय स्वतः घेता का?' हा प्रश्न अर्जातून काढून टाका आणि त्याऐवजी 'पासबुक कुठे ठेवले आहे?' असे विचारा. ज्याचे अनुदान आहे तो उठून फळीवरचा डबा काढतो, की 'दादाकडे आहे' म्हणतो, की पासबुक म्हणजे काय असे बघत राहतो, यातून पाच गुणांच्या मोजपट्टीपेक्षा जास्त कळते. याच पद्धतीने एटीएम कार्ड, मोबाइल, ट्रंकेची किल्ली, दिव्यांग प्रमाणपत्राची मूळ प्रत यांच्याविषयी विचारा. मग मागच्या महिन्याकडे वळा: अनुदान केव्हा काढले, बरोबर कोण होते, त्यातून काय घेतले, आणि घ्यायचे होते पण घेऊ दिले नाही असे काही होते का. 'साधारणपणे' किंवा 'नेहमी' या शब्दांनी सुरू होणारा प्रश्न उपदेशासारखे उत्तर आणतो, मागच्या एका प्रसंगाविषयीचा प्रश्न घटना सांगतो.

यापुढचे काम थोडे चिकाटीचे आहे. प्रत्येक सदस्याचे गेल्या वर्षातील दोन किंवा तीन निर्णय निवडून त्यांचा माग काढा. त्याला काय हवे होते, ते त्याने कोणाला सांगितले, कोणी अडवले किंवा साथ दिली, किती दिवसांनी काय घडले, आणि जे घडले ते त्याने मागितल्यासारखे होते का. विचारपूस झाली, म्हणजे स्वनिर्णय झाला, असा समज संस्थांमध्ये फार पसरला आहे. एका गावात दिव्यांग निधीच्या वाटपापूर्वी प्रत्येकाला 'तुम्हाला काय हवे' असे खरोखर विचारले गेले, यादीही केली गेली, आणि शेवटी सर्वांना एकाच कंपनीचे कुकर मिळाले. त्यांतील एकाने तीनचाकीच्या दुरुस्तीचा खर्च मागितला होता. कागदावर सहभाग शंभर टक्के होता. तुमच्या मोजणीत 'विचारले' हा एक रकाना असू द्या, पण त्याच्या शेजारी 'मागितल्याप्रमाणे झाले' हा दुसरा रकाना हवाच, आणि दोहोंतील अंतर हाच तुमच्या अहवालाचा गाभा समजा.

निर्णय निवडताना त्यांचे वजनही बघा. निळा सदरा की पांढरा, ही निवडसुद्धा महत्त्वाची आहे, कारण अनेकांना तीही मिळत नाही. पण संस्था अशा छोट्या निवडींची बेरीज करून मोठा आकडा दाखवतात आणि कोणाबरोबर राहायचे, पैसे कशावर खर्चायचे, लग्न करायचे का, उपचार बदलायचे का, या प्रश्नांना हातही लावत नाहीत. दोन्ही प्रकार वेगळे लिहा, एकत्र मिळवू नका.

विचारणार कोण, हाही प्रश्न आहेच. तुम्ही स्वतः विचारू नका, कारण महिन्यातून दोनदा घरी येणाऱ्या ताईंना 'तुमचे काम बरे नाही' असे तोंडावर कोणी सांगत नाही. साताऱ्याकडील अशाच एखाद्या संस्थेशी अदलाबदल करा: त्यांच्या माणसांनी तुमच्याकडे यावे, तुमच्यांनी त्यांच्याकडे जावे. विचारणाऱ्यांच्या जोडीत एक तरी दिव्यांग व्यक्ती असावी आणि तिला त्या दिवसाचे मानधन द्यावे. मुलाखत घराबाहेर, पण त्या व्यक्तीने सांगितलेल्या जागी व्हावी. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची समोरच्याच्या प्रश्नाला 'हो' म्हणण्याकडे प्रवृत्ती असते, हे अमेरिकेतील अभ्यासकांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते. एकमेकांच्या विरुद्ध अर्थाच्या दोन प्रश्नांनाही पुष्कळांनी 'हो' असेच उत्तर दिले होते. म्हणून होय-नाहीचे प्रश्न टाळा, 'हे की ते' असे विचारा, शक्य तेथे चित्रे किंवा प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवा, आणि महत्त्वाचा प्रश्न पंधरा दिवसांनी पर्यायांचा क्रम उलटवून पुन्हा विचारा. जे बोलत नाहीत त्यांच्याविषयी घरच्यांचे म्हणणे जरूर घ्या, पण ते 'घरच्यांचे म्हणणे' म्हणूनच लिहा, आणि एक सकाळ त्यांच्याजवळ बसून ते कशाकडे हात पुढे करतात आणि कशापासून तोंड फिरवतात, ते टिपून ठेवा.

इथे घरच्यांविषयी दोन शब्द. स्वनिर्णयाची भाषा शिकलेले तरुण कार्यकर्ते आईला खलनायिका करून टाकतात, तसे करू नका. आपल्याकडे, विशेषतः एकत्र कुटुंबात, ऊस तोडणीला कधी द्यायचा इथपासून मुलीला कुठे द्यायचे इथपर्यंत कोणताच निर्णय कोणी एकटे घेत नाही, मग तो दिव्यांग असो वा नसो. म्हणून 'तू एकट्याने ठरवलेस का?' असे विचारणे गैरलागू आहे. ठरताना तुझे म्हणणे ऐकले गेले का आणि त्याने काही बदलले का, हे विचारायचे आहे. आपला कायदाही याच वाटेने जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ ने दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मानली आहे, आणि कलम १४ मधले मर्यादित पालकत्व म्हणजे परस्पर विश्वासावर, ठरावीक काळापुरता आणि ठरावीक बाबीपुरता, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. तुमच्या सदस्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे, आणि किती जणांनी तसे लिहिले, हे विचारण्यासारखे आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीने ज्यांना पालक नेमून दिला आहे, त्यांच्या बाबतीत पालकाची सही घ्या, पण त्या व्यक्तीची संमतीही वेगळी विचारा, तिला समजेल अशा शब्दांत, आणि तिने नकार दिला तर पालकाच्या सहीवर मुलाखत रेटू नका.

आता तुलनेचा पेच. सुरुवातीची नोंद तुमच्याकडे नसावी, कारण पत्रात तिचा उल्लेख नाही. जुनी पासबुके, हजेरीपट आणि गृहभेटीच्या वह्या यांतून २०२२ चे चित्र जेवढे उभे राहील तेवढे करा, आणि ते मागाहून जुळवलेले आहे हे अहवालात स्पष्ट लिहा. दुसरे असे की निराधार योजनेचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १००० रुपयांवरून १५०० रुपये झाले, म्हणजे तुमच्या उपक्रमाच्या ऐन मध्यात. सदस्य स्वतःवर जास्त खर्च करू लागले, असे तुम्हाला दिसले, तर ते तुमच्यामुळे की वाढलेल्या ५०० रुपयांमुळे, हे सांगावे लागेल. पासबुक कोणाजवळ आहे यावर मात्र त्या वाढीचा थेट परिणाम होत नाही, आणि झालाच तर कदाचित उलटा, कारण रक्कम वाढली की ती सांभाळणारेही वाढतात. पुढील वर्षी जत किंवा कवठेमहांकाळमध्ये उपक्रम नेणार असाल, तर सुरू करण्याआधी सहा महिने तेथील नोंदी घ्या, म्हणजे तुलनेला आधार मिळेल.

परदेशातील दोन दाखले देते, ते तुम्हाला कंपनीशी बोलताना उपयोगी पडतील. अमेरिकेतील आर्कान्सा, न्यू जर्सी आणि फ्लोरिडा या राज्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक मोठा प्रयोग सुरू झाला. घरी मदतनिसाची गरज असलेल्या लोकांना संस्थेमार्फत सेवा देण्याऐवजी ठरावीक रक्कम देऊन आपला मदतनीस आपणच नेमण्याची मुभा दिली गेली, आणि कोणाला रक्कम व कोणाला नेहमीची सेवा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. रक्कम मिळालेल्यांचे समाधान वाढले, न भागलेल्या गरजा कमी झाल्या, आणि प्रकृतीची हेळसांडही झाली नाही. आर्कान्सामध्ये मात्र मदतनिसांवरचा खर्च वाढला, आणि त्याचे कारण शोधले तेव्हा असे दिसले की, नेहमीची सेवा घेणाऱ्या गटाला मंजूर झालेली मदत प्रत्यक्षात पूर्ण मिळतच नव्हती. स्वस्त दिसणारी सेवा कधी कधी न दिल्यामुळे स्वस्त असते, हे खर्चाचा रकाना भरताना लक्षात ठेवा. दुसरा दाखला इंग्लंडचा. तेथे १३ स्थानिक प्रशासनांत व्यक्तिगत अंदाजपत्रकाचा, म्हणजे आपल्या वाट्याची सेवेची रक्कम कशी वापरायची हे ज्याचे त्याला ठरवू देण्याचा, प्रयोग झाला आणि २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मानसिक आजार असलेल्यांना त्याचा लाभ दिसला, पण वृद्धांची मनःस्थिती तुलनेच्या गटापेक्षा खालावलेली आढळली, कारण हिशेब आणि माणसे सांभाळणे हे त्यांच्यातील बऱ्याच जणांना ओझे वाटले. सर्वांची सरासरी काढली असती, तर हे दोन्ही बुजले असते. तुमच्याकडेही बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार असे दोन गट आहेत, ते वेगळे ठेवा, आणि एवढ्या लहान संख्येवर टक्केवारी काढूच नका. '३४ पैकी ११' असे लिहिले की वाचणाऱ्याला ११ माणसे दिसतात.

चुकलेले निर्णयही अहवालात यायला हवेत. कोणी अनुदानातून महागडा मोबाइल घेऊन दोन महिने औषधांना पैसे कमी पाडले असतील, कोणी ओळखीच्या माणसाला उसने देऊन बुडवले असतील. संस्था हे लपवतात, कारण निधी देणारा घाबरेल असे वाटते. पण एकही निर्णय चुकला नाही असे जेथे दिसते, तेथे निर्णय दुसराच कोणी घेत असतो. नुकसानीनंतर त्या व्यक्तीला पुढचा निर्णय घेऊ दिला गेला, की पासबुक पुन्हा कपाटात गेले, एवढे मात्र आवर्जून लिहा.

मार्चअखेरपर्यंत ३४ जणांचे हे सगळे होणार नाही, तेव्हा घाई करू नका. कंपनीला त्यांचा भरलेला अर्ज द्या, सोबत जुन्या अहवालांतील कर्त्यांची मोजणी आणि आठ-दहा जणांच्या निर्णयांचा माग द्या. त्या आठ-दहांत सर्वांत बोलके सदस्य निवडण्याचा मोह होईल, म्हणून नावांच्या चिठ्ठ्या काढा. उरलेल्यांसाठी सप्टेंबरपर्यंतचा कालावधी मागा. समाधानाचे आकडे पुढे का पडताळावे लागतील, हे पत्रात दोन परिच्छेदांत लिहा. बहुतेक अधिकारी ते मान्य करतात, कारण कोरडा शंभर टक्के आकडा त्यांनाही वर समजावून सांगावा लागतो. अहवाल पाठवण्यापूर्वी सदस्यांना बसवून सोप्या मराठीत वाचून दाखवा, आणि ज्याला आपल्याविषयीचा मजकूर नको असेल त्याचा काढून टाका.

आणि तासगावच्या त्या सदस्येला भेटायला जाल, तेव्हा कामाच्या वेळेत शेडवर जाऊ नका, तिचा रोज बुडेल आणि मुकादमासमोर ती मोकळे बोलणारही नाही. सुट्टी कोणत्या दिवशी असते ते आधी निरोप पाठवून तिलाच विचारा. तिने भेटायलाच नकार दिला, तर 'गळती'च्या रकान्यात तिची गणना न करता फक्त तारीख घाला आणि 'तिने भेटण्यास नकार दिला' एवढे लिहा.